सिंदीच्या फलाटावरचा डबा

तारीख, रक्कम आणि हजर माणसं आधी सांगून टाकतो, कारण त्याशिवाय मला पुढचं नीट सांगता येणार नाही. यंदाच्या मे महिन्यातला दुसरा शनिवार. रक्कम एकवीसशे रुपये, रविवारच्या उपासनेत उपकारस्तुतीचं दान म्हणून द्यायला पाकिटात घालून ठेवलेली. वर्धा स्टेशनच्या फलाटावर हजर होतो आम्ही चौघं: मी, माझी बायको, आमची मुलगी आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब. मुलीच्या हातात मोगऱ्याचे दोन हार होते आणि ते उन्हात सुकू नयेत म्हणून ती दर थोड्या वेळाने त्यांच्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत होती. माझे आई-बाबा दोन वर्षांनी घरी येत होते.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, आई सरकारी दवाखान्यातली नर्स. या वयात नातवंडं खेळवायची सोडून दोघं मंडळीच्या सेवाकार्यासाठी आफ्रिकेतल्या मलावी देशात गेले. बाबांनी तिथल्या खेड्यांतले हातपंप दुरुस्त केले, आईने बाळंतिणींची काळजी घेतली. इकडे आम्ही पिपरी मेघेतलं भाड्याचं घर सोडून सिंदी मेघेला, म्हणजे वर्ध्याला लागूनच, स्वतःचं लहानसं घर बांधलं. फोनवर आम्ही नुसतं ‘सिंदीचं घर’ म्हणायचो. आईने ते घर पाहिलं नव्हतं, पण खिडक्यांचे पडदे कुठल्या रंगाचे हे तिनेच तिकडून ठरवलं होतं. सिंदीला कधी जाते असं तिला झालं होतं.

त्या दिवशी सकाळी मात्र माझा आनंद निम्मा झाला. विमानाने नागपूरला उतरल्यावर बाबांनी स्टेशनवर कोणाच्या तरी फोनवरून मला फोन केला. त्यांच्या फोनमधलं कार्ड तिकडचं, इथे ते बंद पडलेलं; माझा नंबर तेवढा त्यात पाहून लावला, आणि बॅटरीही संपत आलेली. म्हणाले, "प्यासेंजरनं येऊन राह्यलो. पण तुह्या मायनं सुई टोचून घेतली न खाऊन काहीच नाई राह्यली. म्हनते, घरी प्रार्थना केल्याबिगर घास घेत नाई." आईला मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं. ते टोचून घेऊन उपाशी राहिलं तर काय होतं हे तिने आयुष्यभर दुसऱ्यांना बजावलेलं. मी म्हटलं, तिला फोन द्या. तेवढ्यात ज्यांचा फोन होता त्यांची गाडी आली आणि बोलणं तुटलं. बायकोने ऐकलं, लगेच पोळ्या लाटल्या, आलूची भाजी आणि शिरा डब्यात भरला. "फलाटावरच प्रार्थना करू, न फलाटावरच खाऊ घालू," ती म्हणाली.

गाडी आली. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक डब्यात डोकावलो. आई-बाबा नव्हते. मी पुन्हा पहिल्या डब्याकडे पळालो. पाळकसाहेब एकेकाला विचारत होते. एक प्रवासी म्हणाला, हो, होतं एक म्हातारं जोडपं, मोठ्या बॅगा होत्या, मधेच कुठे तरी उतरून गेले. कुठे, ते त्याला सांगता येईना. बाहेर डोळे उघडवत नाहीत असं ऊन, आई उपाशी, बाबांकडे चालू फोन नाही. पोलिसांकडे जावं की नागपूरकडे निघावं हेच मला ठरवता येईना. मी हिशेबाचा माणूस, प्रत्येक अडचणीवर आधी कागद-पेन घेणारा. त्या घटकेला मांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. खांबाला टेकून मी एवढंच म्हटलं, "प्रभू, मला काही सुचत नाही. तूच पाहा."

आणि त्याच वेळी कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. पस्तिशीचा एक माणूस, अंगात वॉचमनचा गणवेश, डोळे झोपेने सुजलेले. "भाऊ, एक फोन लावू देता काय? माहा बंद पडला. मायले सांगाचं हाय." खरं सांगतो, मला त्याचा राग आला. बाबांचा फोन त्याच क्षणी आला तर? पण बायको म्हणाली, "द्या हो." मी दिला.

तो बोलायला लागला. "माय, मी झोपून गेलतो वं. रात्रपाळी होती न. तू डबा घेऊन उभी राह्यली असशीन..." त्याची आई सिंदी रेल्वेची, नागपूर-वर्ध्याच्या मधल्या स्टेशनाच्या गावची. तो नागपूरची रात्रपाळी संपवून बडनेऱ्याला घरी जाताना ती फलाटावर येऊन खिडकीतून डबा द्यायची, आणि आज तो झोपेतच पुढे निघून आला होता. मग तो पलीकडचं ऐकत राहिला, आणि मुलीच्या हातातले हार पाहून माझ्याकडे वळत त्याने विचारलं, "भाऊ, तुमचे माय-बाबा आफ्रिकेतून येऊन राह्यले काय?"

मी फोन जवळजवळ हिसकावलाच. पलीकडून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला. "तुमची माय चांगली हाय, भाऊ. घाबरू नका. रस पेली. तुमच्या बाबाले तुमचा लंबर पाठ नाई, मी त्यायले दोनदा बोलली!" मागून बाबा ओरडले, "अरे, मी हाय!" माझी मुलगी हार घेऊन तिथेच उड्या मारायला लागली. पाळकसाहेबांनी ‘हालेलुया’ म्हटलं आणि डोळे पुसले.

झालं होतं असं. दोन दिवसांचा प्रवास, त्यात साखर उतरलेली. आई गुंगीत होती. गाडी थांबली तेव्हा कोणीतरी ‘सिंदी आली, सिंदी’ म्हटलं, आणि ‘आपली सिंदी आली’ म्हणत ती ताडकन उठून उतरली. आपली सिंदी वेगळी, तिथे स्टेशनच नाही, हे बाबा ओरडून सांगेपर्यंत ती खाली होती. मग तेही बॅगा ढकलून उतरले आणि गाडी सुटली. आई फलाटावर बसली, घामाने भिजली, मलावीच्या भाषेत काहीतरी बोलायला लागली. जवळच त्या वॉचमनची आई, कमलाबाई, उभ्या होत्या. गाडीभर मुलाला शोधून थकलेल्या, हातात तसाच भरलेला डबा. त्याच्या वरच्या पुडात आमरस होता, साखर घातलेला.

इकडे वर्ध्याला गाडी सुटायच्या आत माझ्या बायकोने आपला डबा कमलाबाईंच्या मुलाच्या हातात कोंबला. तो नको नको म्हणत होता. "घ्या हो भाऊजी," ती म्हणाली, "तुमचा डबा आमच्या आईंनी खाल्ला."

आम्ही भाड्याची जीप करून सिंदी रेल्वेला पोहोचलो तेव्हा आई कमलाबाईंच्या घरी कूलरसमोर बसून त्यांच्याबरोबर बाजारासाठी वांगी निवडत होती. त्यांचं घर माळ्याचं, भाजीपाल्याचं. मुलीने हार घातले. आईने मला जवळ ओढलं आणि रडता रडता हसली. "येवढे देश पार करून आली न घराजवळ येऊन हरपली."

"लोकायले सांगे, वेळेवर खा," बाबा म्हणाले.

"तुमी गप राहा. लेकाचा लंबर पाठ नाई न मले शिकवते!"

कमलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तुमची माय म्हने, प्रार्थना केल्याबिगर खात नाई. मी म्हटलं, बाई, देव काय तुमच्याच घरी बसून हाय? कर इथंच, न पे."

आणि आईने केली होती. फलाटावर, अर्ध्या शुद्धीत, अर्धी मराठीत आणि अर्धी तिकडच्या भाषेत. नंतर जीपमध्ये ती मला म्हणाली, "उपकार कुठं मानाचे हे मी ठरवून ठेवलं होतं. त्यानं म्हटलं, इथं." एवढंच. मी त्यावर काही म्हणत नाही. तो माणूस जागा असता, तर डबा त्याच्या पोटात गेला असता. मी फोन दिला नसता, तर मी कुठे कुठे फिरलो असतो, माहीत नाही. यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं, आणि त्या खांबाला टेकून मी तेच कबूल केलं होतं.

निघताना मी खिशातलं ते दानाचं पाकीट काढलं. कमलाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "डब्याचे पैसे? मंग तुमच्या बायकोनं माह्या पोराले जेऊ घातलं, त्याचे मी किती देऊ? सांगा, तुमी शिकेल मानूस." मी पाकीट खिशात ठेवलं. आईने मात्र रिकामा डबा हातातून सोडला नाही. "घासून आणून देतो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उपासनेत आई-बाबांनी उभं राहून देवाने काय केलं याची साक्ष दिली आणि ते एकवीसशे रुपये, पाकीट न उघडता, पाळकसाहेबांच्या हाती दिले. पुढच्या शनिवारी आम्ही डबा परत करायला सिंदी रेल्वेला गेलो. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्या घरची रीत, म्हणून आईने त्यात रव्याचे लाडू भरले होते. पण ती रीत कमलाबाईंच्या घरचीही निघाली. त्यांनी लाडू ताटात काढून घेतले, डबा विसळला आणि भरताच्या वांग्यांनी भरून तोच परत आईच्या हातात दिला.

चुकतं केलं ते एवढंच: मंडळीला एकवीसशे रुपये, कमलाबाईंना एक डबा लाडू. डबा सध्या आमच्याकडे आहे. आज सकाळपासून आई त्यात भरायला शंकरपाळे तळते आहे.