कुणाचंच नाव न घेणाऱ्या अक्का

साऱ्या खानदेशात पोटात गोष्ट ठेवू शकणारं माणूस मला सत्तर वर्षांत एकच भेटलं, आणि ते म्हणजे आमच्या केंद्रातली रजिस्टरं सांभाळणाऱ्या अक्का. मुलांनो, तुम्हाला हे विधान मोठं वाटेल, कारण तुम्ही तिकडे अशा शहरात राहता, जिथे शेजाऱ्याचं आडनावसुद्धा दारावरच्या पाटीवरून वाचावं लागतं. इथे तसं नाही. जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीत एरंडोल यायच्या आत शेजारची बाई तुमचं गाव, माहेर, मामाकूळ आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं की राहिलं, एवढं सगळं काढून घेते, आणि पारोळा येईपर्यंत तिचं तुमच्याशी काहीतरी नातंही निघालेलं असतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. अशा मुलखात जन्मून अक्का अशा कशा निपजल्या, हे कोडं मला सुटलेलं नाही. त्यांचं नाव मी लिहीत नाही. “नातवंडांसाठी तुमच्यावर चार पानं लिहू का?” असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “लिखा. पन नाव नही, गाव नही, अन मी कोन्ता रंगनं लुगडं नेसस तेही नही.” म्हणून लुगड्याचा रंगही इथे येणार नाही.

हे केंद्र म्हणजे जळगावात बियाण्यांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. नवराबायकोचं बिनसलेलं असतं, पोर शाळेत जायचं बंद झालेलं असतं, बाळंतपणानंतर एखादी आई खचलेली असते, आईबाप वेगळे राहत असतात आणि मूल मधल्यामध्ये ओढलं जात असतं. असे लोक तिथे येतात. दोन समुपदेशक बाया त्यांचं ऐकून घेतात, मार्ग सुचवतात, लागलं तर शाळेशी, दवाखान्याशी, पोलीस ठाण्याशी बोलतात. हे सगळं कागदावर उतरतं, आणि तो कागद अक्कांच्या लोखंडी कपाटात जातो. कॉलेजातलं इंग्रजी शिकवणं संपल्यावर मी आठवड्यातून दोन दिवस तिथे पत्रं आणि अहवाल लिहायला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मी कपाट व्यवस्थित लावून देण्याची तयारी दाखवली, आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी गांधी चौकात फलक लावायचं सुचवलं होतं.

कारण अक्कांच्या राज्यात आडनावं नव्हतीच. प्रत्येक कुटुंबाला एक आकडा होता, आणि कोणता आकडा कोणाचा हे सांगणारी वही वेगळ्या कुलपात असायची. कागदावर आकडा असणं मला समजत होतं, पण अक्का बोलतानाही आकडेच वापरत. “एक्केचाळीस दहावी पास झाली बरं का बाई,” असं म्हणून त्या पेढा हातावर ठेवत. “त्र्याहत्तरचं पुन्हा जमलं. दोघं सिनेमाला गेले होते.” एकदा त्यांनी घरी फोन केला, तो तुमच्या आजोबांनी उचलला. “बाईंना सांगा, सत्याण्णव आज येणार नाही, एकशे पाच येईल,” एवढा निरोप देऊन त्यांनी ठेवून दिला. आजोबा बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. शेवटी हळूच म्हणाले, “तुझी ही अक्का मटका खेळते का गं?”

रस्त्यात भेटलेल्या माणसाला ओळख न दाखवणं ही त्यांची दुसरी खोड. केंद्रात ज्या बाईला त्या लिंबूपाणी करून द्यायच्या, जिच्या लेकराची वेणी घालायच्या, तीच बाई भाजीबाजारात समोर आली, की अक्का भरताच्या वांग्याकडे अशा टक लावून पाहत, जणू ते वांगं त्या प्रथमच पाहत होत्या. एकदा एक तरुण मुलगी बिचारी पिशवी सावरत धावत आली, “अक्का, मी हो! ओळखलं नाही?” मग कुठे अक्का वांग्यातून बाहेर आल्या, तिच्या गालावरून हात फिरवला, तोंडभरून बोलल्या. नंतर मी म्हटलं, “किती तुटक वागता! तिला काय वाटलं असेल?” अक्का म्हणाल्या, “तिच्या मागे दोन पावलांवर सासू असती तर? सासू विचारती, ही कोण? मग पोरगी काय सांगती? आधी तिने ओळख द्यायची, मग आपण घ्यायची.” मी तीस वर्षं शिष्टाचार शिकवले, पण हा शिष्टाचार माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हता.

अर्जांशी तर त्यांचं उभं वैर होतं. वरच्या कार्यालयातून एकदा चार पानी नवा अर्ज आला. त्यात जात, जमीन, घरात किती माणसं, सासूचं शिक्षण आणि मुलांना वारशाने आलेले आजार, असं सगळं विचारलेलं. प्रत्येक रकाना अक्का बोटाने दाबून विचारायच्या, “हाई कसाले पाहिजे?” हे कशासाठी हवं, याचं उत्तर मिळालं नाही, की रकान्यावर आडवी रेघ. तपासणीला आलेले साहेब चिडले. “अहो, माहिती भरलेली बरी असते. कधी ना कधी उपयोगी पडते.” त्या वेळी बाहेर बाकावर चारपाच जण बसलेले होते. अक्कांनी दार उघडंच ठेवलं, कोरा अर्ज पुढे ओढला आणि खणखणीत आवाजात विचारलं, “बरं साहेब, तुमचंच भरू पहिले. बायकोशी शेवटचं भांडण कधी झालं अन कशावरून?” साहेबांनी उठून आधी दार लावलं. मग चहा झाला, आणि अर्ज दीड पानाचा झाला.

नवऱ्याने सांगितलेलं बायकोच्या कागदात जायचं नाही, बायकोने सांगितलेलं नवऱ्याच्या कागदात नाही, आणि लेकराचा कागद त्या दोघांपासून वेगळा. “मी बाप आहे, माझ्या पोराने काय काय सांगितलं ते दाखवा,” म्हणून टेबलावर हात आपटणाऱ्याला अक्का त्याचा स्वतःचा कागद मोठ्या आदराने वाचायला द्यायच्या. स्वतःचंच बोलणं वाचताना पुष्कळांचा आवाज आपोआप खाली यायचा. झेरॉक्सच्या दुकानात त्या यंत्राला चिकटून उभ्या राहत आणि बिघडलेली प्रतसुद्धा मागून घेत. ज्या कागदांची मुदत संपली, ते बादलीत भिजत घालत, त्याचा लगदा करत, त्यात वाटलेली मेथी मिसळत आणि त्याने बांबूच्या टोपल्या लिंपत. माझ्या स्वयंपाकघरात लसणाची जी टोपली तुम्ही पाहिली आहे, तिच्यात निदान दहा घरांची भांडणं असतील. वाचता मात्र एकही येत नाही.

हे सगळं मी हसून सांगते आहे, कारण बरीच वर्षं मी अक्कांना हसतच होते. मग एकशे बाराचं प्रकरण घडलं.

एकशे बारा म्हणजे चोपड्याकडची एक आई आणि तिची सात वर्षांची मुलगी. तालुका मी बदललेला असू शकतो, हे गृहीत धरा. नवरा मारायचा, एकदा मुलीच्याही अंगावर गेला, तेव्हा ती लेकीला घेऊन निघाली आणि केंद्राने तिची धुळ्याला सोय केली. भाड्याची खोली, एका शिवणकामाच्या कारखान्यात काम, मुलीला शाळा. पत्ता अक्कांच्या कपाटात. गाव फक्त अक्कांना, समुपदेशक बाईंना आणि एक पत्र लिहून दिल्यामुळे मला ठाऊक होतं.

एका मंगळवारी अक्का झेरॉक्सला गेल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. पांढरं धोतर, टोपी, हातात केळीची मोठी फणी. धापा टाकत बाकावर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी आपल्याकडची नेहमीची सुरुवात केली, “बाई, माहेर कोन्तं तुमनं?” मी सांगितलं, चाळीसगावकडचं. “कोन्तं गाव?” तेही सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांची धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. मग कोणाची सून, कोणाचा मळा, असं करत करत पाचव्या मिनिटाला ते माझ्या चुलत मामीच्या सख्ख्या नात्यात निघाले आणि मला “पोरी” म्हणू लागले. सत्तरीला टेकलेल्या बाईला “पोरी” म्हणणारं आता कोण उरलं आहे? मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मनी नात आठे येत जाय तिनी मायसंगे. माले काही नको. ती शाळामा जास का, तेवढंच सांग पोरी.”

त्यांच्या गावावरून मी ओळखलं, आईसोबत इथे येणारी ही नात म्हणजे एकशे बारातली मुलगी, आणि मला तुम्ही दोघं आठवलात. मी म्हटलं, “जाते हो आबा. चांगली जाते. मागच्याच महिन्यात धुळ्याहून तिचं प्रगतिपुस्तक आलं होतं.”

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. केळी टेबलावर ठेवली, हात जोडले आणि जिना उतरून गेले. मला फार बरं वाटत होतं.

अक्का आल्या. केळी पाहिली, मग मला पाहिलं. “कोण आलं होतं?” मी सांगितलं, आमचे नातलगच निघाले. “अन तुम्ही काय सांगितलं?” शिक्षिकेच्या सवयीने मी शब्दशः सांगितलं. ‘धुळ्याहून’ हा शब्द तोंडातून बाहेर पडला, तेव्हाच तो मला पहिल्यांदा ऐकू आला.

अक्का ओरडल्या नाहीत. त्या खाली बसल्या. “बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे,” त्या म्हणाल्या, “पन तोंडले कडी नही.”

“त्यांनी काही वाईट हेतूने नाही विचारलं अक्का. आजोबा आहेत ते.”

“आजोबा ज्या घरात जेवतात, त्याच घरात पोरीचा तो मारकुटा बाप बी जेवतो. आज सांगणार नाहीत, उद्या तापात बडबडतील. धुळ्यात शाळा किती? महिनाभर फिरला तर सापडेल.” मग उठून चपला घातल्या. “चला. चूक आपली, तर सांगायची बी आपणच. तिने दुसऱ्याकडून ऐकलं तर ती पुन्हा कोणाजवळ तोंड उघडणार नाही.”

समुपदेशक बाईंना सांगून आम्ही दोघी त्याच दुपारी धुळ्याला गेलो. एसटीत वाटभर शेजारणीने विचारूनही मी माहेर सांगितलं नाही. त्या खोलीत अक्कांनी मलाच बोलायला लावलं. ती आई मला रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने फक्त दाराची कडी लावली आणि विचारलं, “कधी सांगितलं? सकाळी? म्हणजे अजून वेळ आहे.” मुलगी कोपऱ्यात पाढे लिहीत होती. शाळेला त्याच दिवशी पत्र दिलं, की आईशिवाय कोणाच्याही हाती मूल द्यायचं नाही. पोलीस ठाण्यात कळवलं. पण तिची झोप उडाली, ती उडालीच, आणि पंधरा दिवसांत तिने धुळं सोडलं. भर वर्षात मुलीची शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या. हे माझ्या एका शब्दाने झालं. केंद्रात अशा चुकांची एक वही होती. त्यात ते मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. मायलेकी कुठे गेल्या, हे मात्र या वेळी अक्कांनी मला कळू दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

महिन्याभराने आबा पुन्हा आले. मी उठून आतल्या खोलीत गेले, दार किलकिलं ठेवून. आबांनी घरी एक अक्षर काढलं नव्हतं, असं ते शपथेवर सांगत होते. अक्का म्हणाल्या, “असेल. पण आबा, ती माहिती तुमचीही नाही, माझीही नाही. पोरीची अन तिच्या आईची आहे. मी त्यांना विचारते. हो म्हणाल्या तर हो, नाही म्हणाल्या तर तुम्ही पुन्हा जिना चढायचा नाही.”

आईने बरेच दिवस उत्तर दिलं नाही. मग होकार आला, तोही मोजून मापून. दोन महिन्यांतून एक पत्र, मुलीच्या हातचं, केंद्राच्या पत्त्यावर. पोस्टाच्या शिक्क्यावरून गाव कळू नये, म्हणून बाहेरचं पाकीट अक्का कात्रीने बारीक कापून टाकायच्या आणि आतला घडीचा कागद, न उघडता, आबांच्या हातात द्यायच्या. आबा तो बाकावर बसून वाचायचे, दोनदा, तीनदा, आणि परत करायचे. पहिल्या खेपेला अक्का म्हणाल्या होत्या, “घेऊन जा की.” आबांनी मान हलवली. “मना घरमा नको. आठेच राहू द्या.” मग अक्कांनी त्यांच्यासाठी कपाटातला एक वेगळा खण दिला.

अक्का आता निवृत्त झाल्या आहेत आणि लेकीकडे राहतात. केंद्रात संगणक आले आहेत. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आहे, आणि कोणी कोणता कागद कधी उघडला, याची नोंद आपोआप होते. चांगली सोय आहे, माझी तक्रार नाही. तरी त्या बाकावरून जाताना मला अक्कांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार आठवते. आबा पत्र वाचत होते. नात आता चौथीत गेली होती, मोठं लिहायला लागली होती. वाचता वाचता ते एकदम थांबले. बोट एका ओळीवर अडकलं. त्यांनी घाईघाईने कागद दुमडला आणि अक्कांपुढे धरला. पोरीने मजेमजेत लिहिलं असावं, शाळेसमोर काय आहे, सहल कुठे गेली होती, ज्यावरून गाव कळेल असं काहीतरी. नऊ वर्षांचं पोर, त्याला काय सुचणार?

“पुढलं तुम्हीच वाचा अक्का,” आबा म्हणाले. “माले जेवढं चाले तेवढंच सांगा.”

इतक्या वर्षांत अक्कांनी दुसऱ्याचं पत्र कधी वाचलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, कागद उघडला आणि हळूहळू वाचू लागल्या. नवं दप्तर, गणितातले गुण, पडलेला दात. मध्ये एका ठिकाणी त्या थांबल्या, मनातल्या मनात दोन ओळी पुढे गेल्या आणि मग पुन्हा मोठ्याने वाचू लागल्या. आबा डोळे मिटून ऐकत होते. त्या दोन ओळींत काय होतं, हे मी अक्कांना अजून विचारलेलं नाही.