चोक काढून ठेव

बेटेगावच्या झिपरूला बोईसरात नऊ वर्षं झाली, तरी नागोरावाच्या गॅरेजात त्याला कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. ए झिप्र्या, अरे घुबडा, ओ हाय-नाय! हे शेवटचं नाव रामकिसनचं. रामकिसन म्हणजे नागोरावाचा भाचा, परभणीहून आणलेला. पान्ह्यांचे नंबर त्याच्या डोक्यात राहत नसत, पण माणसाचा आवाज एकदा ऐकला की पाठ. झिपरूने तोंड उघडलं की मागून दुसरा झिपरू सुरू व्हायचा, "आमी केला हाय शेट, गळत नाय आता!" गिऱ्हाईकं पोट धरून हसायची. झिपरूही दात दाखवायचा आणि पुढच्या खेपेला दोन शब्द कमी बोलायचा.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत केमिकल कंपनीच्या साहेबांची जुनी फियाट आली. साहेब पुण्याचे, अर्धं तोंडाने आणि अर्धं नाकाने बोलणारे. गाडीचा चोक गेला होता, त्यामुळे सकाळच्या गारठ्यात इंजिन नुसतं खोकायचं. त्या मॉडेलचा चोक बाजारात मिळेना. झिपरूने तीन दिवस बसून स्कूटरच्या क्लचची वायर ओवली, सागाच्या तुकड्याचं बटण घासून गोल केलं, आणि ते खेचलं की कार्बोरेटरची झडप अशी अलगद मिटायची की साहेबांनी चष्मा काढून पाहिलं.

"वाऽ! उद्या थंड गाडी पहिल्या सेल्फला लागली, तर ह्याला कंपनीच्या गाड्यांवर मिस्त्री म्हणून घेतो. सातला येतो. चोक काढून ठेव, मी नुसता सेल्फ मारणार."

साहेब गेले. झिपरू बॉनेटपाशीच उभा राहिला. गॅरेजात चोक खेचायचा असतो. काढायचा तो कचरा, नाहीतर नटबोल्ट. शेवटी तो नागोरावाकडे गेला.

"शेट, सायेब काडून ठेव बोलले. म्हंजे खेचून ना?"

"काडून! काडून!" पत्र्याआडून रामकिसन.

नागोरावाने झिपरूकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं. "खेचून म्हणले का काढून म्हणले?"

"काडून."

"मग? मराठी कळंना का तुला? इंजिनियर माणूस त्यो. त्याला शिकवायलास का?"

झिपरूला इंजिन कळत होतं. पण आपल्याला मराठी कळत नाही, हे त्याला नऊ वर्षं रोज सांगितलं गेलं होतं. त्याने पान्हा घेतला.

सकाळी सातला साहेब गाडीत बसले. शेजारच्या सीटवर धुतलेल्या फडक्यावर चोक ठेवला होता, वायरची सुबक गुंडाळी, बटणाला तेलाचा हात. डॅशबोर्डला नुसतं भोक. साहेबांनी त्यात बोट घालून पाहिलं.

"हे काय?"

"काडून ठेवला, सायेब."

आधी नागोराव हसला, मग चहावाला, मग रस्त्यावरचे रिक्षावाले. साहेब मात्र हसले नाहीत. झिपरूने पंधरा मिनिटांत चोक परत बसवला आणि खेचला. फियाट पहिल्याच सेल्फला लागली. तो आशेने साहेबांकडे बघत राहिला.

"हात सोन्याचा आहे रे," साहेब म्हणाले, "पण सांगितलेलं कळत नाही. आमच्याकडे ॲसिडच्या टाक्या आहेत. तिथे असा माणूस म्हणजे सगळे वर जाऊ."

"खरंय साहेब," नागोराव म्हणाला. "माझा भाचा बघा. एकदा सांगितलं की शब्द न् शब्द पाठ."

शेटला विचारूनच केलं होतं, एवढंच झिपरूला सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं. "आमी..."

"आमी इचारला व्हता, सायेब!" मागून रामकिसन, तोच घोगरा आवाज, तीच अडखळ. "शेट बोलला काडून, म्हनून काडला हाय!"

आता मात्र साहेबसुद्धा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नागोराव सगळ्यांत मोठ्याने हसला. झिपरूला जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं होतं, काना-मात्रेचाही फरक न करता.

साहेबांनी शेजारचं दार उघडून रामकिसनला आत घेतलं. गाडी टोकाला वळली तेव्हा नागोराव डोळे पुसत होता.

"झिप्र्या, बघत काय बसलास बे? त्या टेम्पोचं गिअरबॉक्स उतरव."

झिपरूने मान हलवली आणि टेम्पोखाली सरकला.