साडूभाऊंचं प्रमाणपत्र

माझ्या साडूंएवढा नियमाला जपणारा माणूस पांढुर्ण्यात आजवर झाला नाही, आणि आम्ही त्यांची जी गत केली ती पाहता पुन्हा कोणी होईल असं वाटत नाही. तसे ते मुळातले असे नव्हते. दिवसा तहसीलीत बाबू, आणि संध्याकाळी स्टेशनामागच्या मैदानावर मोहल्ल्यातल्या मुलींना बेसबॉल शिकवायचे. बारा वर्षं शिकवलं, कुठल्याही कागदाशिवाय. कोणाचा पाय मुरगळला तर 'चाल, चालल्यानं बरं होते' एवढंच त्यांचं वैद्यकशास्त्र. मग वरून फर्मान आलं की ज्या संघाच्या प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र नाही त्याला स्पर्धेत घेणार नाही. आमच्या क्रीडा मंडळातले लोक म्हणाले, कुठून तरी एक कागद आणून टाका. साडू मात्र बावन्नाव्या वर्षी आठ दिवसांची रजा टाकून राजधानीला, भोपाळला गेले, पोराटोरांच्या बाकावर बसले, लेखी परीक्षेत नापास झाले, पुन्हा गेले आणि पास होऊन परतले ते वेगळाच माणूस होऊन.

प्रमाणपत्राच्या त्यांनी तीन प्रती करून प्लास्टिकमध्ये बंद करवल्या. एक खिशात, एक मोटारसायकलच्या डिक्कीत आणि एक देवघरात, लक्ष्मीच्या शेजारी. लग्नाला जाताना आहेर विसरत, पण प्रथमोपचाराची पेटी विसरत नसत. प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं की पिचरनं एका दिवसात ठरावीक चेंडूंपेक्षा जास्त टाकले तर खांदा कायमचा जातो. तेव्हापासून ते जगातलं सगळंच मोजू लागले. आमच्याकडे पोळ्याच्या सणाला जेवायला आले, तर माझी बायको आत पोळ्या लाटत होती आणि हे पानावर बसून मोजत होते. "पस्तीस झाल्या," ते मला म्हणाले. "आता तिच्या खांद्याले आराम द्या, साडभाऊ. बाकीच्या तुमी लाटा." मी लाटल्या. पाहुण्यांनी भातावर भागवलं.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो माझ्या मुळावर आला. मुलींजवळ मोठ्या माणसानं एकट्यानं थांबायचं नाही, कमीत कमी दोघं पाहिजेत. मंडळातलं कोणी येईना, म्हणून दुसरा माणूस मी. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन वर्षं मी संत्र्याच्या पालथ्या क्रेटवर बसून शाळेच्या वह्या तपासल्या. एकदा मला ताप आला, तर साडूंनी मैदानात आलेल्या चौदाही मुली परत पाठवल्या. "घरी जा. आज मोठं माणूस एकच हाये." लोक हसले. मीही हसलो, अंथरुणात पडून.

मग सौंसरला जिल्ह्याची निवड स्पर्धा झाली. आम्ही अंतिम सामन्यात दोन रननी पुढे होतो, एकच इनिंग उरली होती, आणि आमची पिचर वैष्णवी समोरच्यांना उभं राहू देत नव्हती. संत्र्याच्या व्यापाऱ्याची ही मुलगी. हा सामना जिंकला की तिचं राज्याच्या संघात जाणं ठरल्यासारखं होतं, आणि राज्याकडून खेळल्याच्या कागदावर पुढे नोकरीतही जागा मिळते असा तिच्या घरच्यांचा हिशेब होता. तेवढ्यात बॅटवरून सुटलेला चेंडू तिच्या कानशिलाला चाटून गेला. ती पडली, लगेच उठली, हसली आणि कपडे झटकून पुन्हा जागेवर गेली. साडू मैदानात गेले.

"आज कोणता वार हाये?"

"रविवार, सर."

"आपन कोनासंग खेळून राहिलो?"

ती जरा थांबली आणि तिनं आम्ही सकाळी हरवलेल्या लोधीखेड्याच्या संघाचं नाव घेतलं. साडूंनी तिचा हात धरून तिला बाहेर आणून बसवलं. ती रडायला लागली. तिचे वडील धावत आले. "सर, आमच्या गावात पोळ्याच्या गोटमारीत दगडानं डोकं फुटलं तरी मानूस पट्टी बांधून पुन्हा नदीत उतरते. हिले तं खरचटलं बी नाई."

"डोक्याले मार लागला अन् इसरली, तं त्या दिवशी खेळाचं नाई," साडू म्हणाले. "मले तसंच शिकवलं हाये."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी साडूंना बाजूला घेऊन म्हणालो, "एकच इनिंग तं उरली हाये. खेळू द्या ना." ते प्रथमोपचाराची पेटी उघडायला गेले. बदली पिचरनं तीन रन दिले आणि आम्ही हरलो.

नागपूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की पोरीच्या डोक्यात काहीही नाही. तिला काही झालं असतं तर साडू देवमाणूस ठरले असते. काही झालं नाही, म्हणून ते वेडे ठरले. मंडळानं ठराव केला की प्रशिक्षकाच्या हट्टानं संघाचं नुकसान झालं, आणि साक्षीदार म्हणून, मैदानावरचा दुसरा जबाबदार माणूस म्हणून, माझी सही मागितली. मंडळाचे सचिव माझ्या शाळेच्या समितीवरही होते. मी सही केली. साडूंनी तो कागद सगळा वाचला, मग माझ्याकडे सरकवला. "साडभाऊ, सहीखाली तारीख टाकाची राहिली." मी तारीख टाकली. त्यांच्या जागी सचिवांचा भाचा आला. त्याचं प्रमाणपत्र आठवड्यात आलं, तो मात्र गाव सोडून कुठे गेला नव्हता.

यंदा साडूंच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. हाताशी एक मुलगी नाही, मैदान नाही, तरी रजा टाकून ते पुन्हा भोपाळला निघाले. मेहुणी खूप बोलली. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. बाकावर बसून ते जुन्या वहीतले धडे पाठ करत होते, ओठ हलत होते. "संघच नाही तर कशाला जाता?" मी विचारलं.

"कोनी पोरगी आली शिकाले, तं तिले काय सांगू, थांब, कागद घेऊन येतो?" मग वही मिटून ते सहज म्हणाले, "तुमी बी चला ना. आठ दिवस तं हायेत."

मी म्हणालो, शाळेला सुटी नाही. गाडी आली. त्यांनी खिडकीतून हात केला आणि डोकं आत घेतलं. सुटी होती.