ज्याचा फोन त्याची हजेरी

मी नववीत असताना, नोव्हेंबरातले ऑनलाइन वर्ग संपल्यावर, गुरुग्राममधल्या आमच्या शाळेने तीन मुलांना सकाळच्या वर्गातून काढून दुपारच्या वर्गात टाकायचं ठरवलं. त्यातली एक मी. दुसरी रुबिना, तिसरा मनीष मिश्रा. कारण दिलं गैरहजेरीचं.

सकाळचा वर्ग फी भरणाऱ्यांचा. आम्ही तिघं गरिबांसाठीच्या राखीव जागांवर त्यात होतो. दुपारचा वर्ग धर्मादाय. तिथे विज्ञानाला शिक्षक नव्हते. तिथली मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसत नसत. त्यांना ओपन स्कूलचा रस्ता दाखवला जाई आणि पुढचं कोणी विचारत नसे. खोल्या त्याच. हवा शुद्ध करणारी यंत्रं मात्र सकाळची मुलं गेली की बंद होत.

निर्णय सांगायला आम्हाला पालकांसह बोलावलं. मुख्याध्यापक बसले होते. शेजारी शाळेच्या समितीवरच्या बाई. राखीव जागांवरच्या मुलांच्या त्या मार्गदर्शक होत्या. स्वतःहून झालेल्या. मूळच्या पुण्याच्या. माझे बाबा त्यांचे ड्रायव्हर. समोर खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा, असं कोणी म्हटलं नाही.

या बाईंनी मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, "मॅडम नको गं, काकू म्हण. आपण मराठी ना." मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. गाव यवतमाळकडचं का, हेही विचारलं. त्यानंतर माझ्याशी बोलताना त्यांच्या तोंडी 'आपण' आलं नाही. 'तुम्ही लोक' आलं. मराठीपण त्यांनी जानेवारीसाठी राखून ठेवलं होतं. दर जानेवारीला त्या मंडळाबरोबर पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला, जात, पूर्वजांच्या पराक्रमावर डोळे पुसत. बाबा बाहेर गाडीपाशी थांबत.

त्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना एकेका मुलाचं निदान करून दिलं. रुबिनाची आई समोर उभी असताना म्हणाल्या, "इनमें लड़कियों को पढ़ाते ही कहाँ हैं." मनीषच्या वडिलांकडे न बघता म्हणाल्या, बिहारची माणसं, मन सगळं गावाकडे, मुलगा काय शिकणार. मग बाबांकडे वळल्या. मराठीत, आवाज मऊ करून. "सुरेश, तुमच्या लोकांत हुशारी असते रे. पण घरात वातावरण नसतं."

बाबा त्यांच्याहून वयाने मोठे होते. ते म्हणाले, "हो मॅडम."

आता वस्तुस्थिती.

आम्ही तिघं एकाच चाळवजा इमारतीत राहत होतो. घरमालक एक, खोल्या ओळीने, मधली भिंत एका विटेची. रुबिनाचं कुटुंब बंगालचं, मुसलमान. मिश्रा दरभंग्याचे ब्राह्मण. आम्ही विदर्भातले बौद्ध. खोलीचं माप तिघांचं सारखंच. खोकलासुद्धा सारखाच.

हवा वाईट म्हणून शाळा बंद झाली, वर्ग फोनवर आले. तिन्ही घरांत मिळून शाळेच्या वेळी हाताशी फोन एकच असे. मनीषचे वडील रात्रपाळीचे गार्ड. ते दिवसा झोपत तेव्हा त्यांचा फोन घेऊन आम्ही तिघं जिन्यात बसायचो. ते दिवसपाळीला असले की रुबिनाची आई फोन घरी ठेवून टॉवरमधल्या फ्लॅटांत स्वयंपाकाला जाई आणि फोन उचलला नाही म्हणून दोन मालकिणींची बोलणी खाई. बाबांचा फोन क्वचित मिळे. तिघं रोज वर्गात होतो. रोज. पण पडद्यावर नाव एकच दिसे. ज्याचा फोन, त्याची हजेरी. बाकी दोघं गैरहजर.

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोलले नसते.

"काकू, बाबांचा फोन तुमच्या गाडीत असायचा. तुम्ही कधी बोलवाल याचा नेम नसायचा, म्हणून."

बाई हसल्या. "अगं, मग सांगायचं ना मला."

"आम्ही तिघं एकाच फोनवर शिकलो. तिघांचं कारण एकच आहे. तुम्ही तीन सांगितलीत. धर्म, गाव, जात."

बाईंचं हसू गेलं. "सुरेश, हिला बाहेर ने."

बाबा हलले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरगी खरं बोलतेय. फोन माझ्याकडेच असायचा."

मुख्याध्यापकांनी विषय संपवला. सोमवारपासून तिघांनी दुपारी एकला यायचं. वातावरणाचा अर्थ मला तिथे कळला. स्वतः केलेली गोष्ट दुसऱ्याच्या रक्तात दाखवायची असली की हा शब्द लागतो. त्याच खोलीत मी ठरवलं. यापुढे माझ्या घराबद्दल कोणी बोललं, तर आधी खोलीचं माप विचारायला लावायचं. जात, धर्म, गाव नंतर.

सोमवारी आम्ही सकाळीच गेलो. शाळेच्या गार्डने फाटक उघडलं नाही. आम्ही फाटकाच्या मधोमध बसलो आणि पहिल्या तासाचं पुस्तक काढलं. मनीष मोठ्याने वाचत होता, रुबिना त्याचे उच्चार सुधारत होती. मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले. एक वडील उतरून विचारायला लागले, ही मुलं बाहेर का? दुसऱ्याने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. तेव्हा फाटक उघडलं. दया आली म्हणून नव्हे. गाड्या अडल्या म्हणून.

आम्ही सकाळच्या वर्गात जाऊन बसलो. पुन्हा कोणी उठवलं नाही.

बाबांना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. बाईंनी गाडीची किल्ली वॉचमनकडे ठेवायला सांगितली, स्वतः खाली आल्या नाहीत. काही महिने बाबांनी भाड्याची टॅक्सी रात्री चालवली. आई म्हणाली, बरं झालं, निदान आता फोन घरचा झाला. ती हसली नाही.

दहावीची बोर्डाची परीक्षा आम्ही तिघांनी त्याच शाळेतून दिली. तिघंही पास झालो. निकालानंतर शाळेतून निरोप आला. माहितीपत्रकात बाईंच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या मुलांचा फोटो छापायचा होता. शनिवारी सकाळी गणवेशात यावं, बाई स्वतः हजर असतील.

तिघांपैकी कोणी गेलं नाही.