आतोबांचं अर्धं कमळ

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्याच्या खिशात म्हणून चिल्लर खुळखुळत होती, असा एकही माणूस माझ्या थोरल्या आत्याच्या यजमानांच्या तावडीतून सुटला नसेल. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते साताऱ्याजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा लोकांना वाटलं, आता हा गडी घरचा ऊस बघेल. ऊस आत्यानंच बघितला. आतोबांनी नाणी बघितली. टाकसाळीत ठसा मारताना एखादं नाणं चुकतं, कुणाचा ठसा सरकतो, कुणाची कड कापली जाते, आणि तपासणाऱ्याची नजर चुकवून ते बाजारात येतं. हौशी लोक अशा नाण्यासाठी जीव टाकतात, हे त्यांना पलटणीतल्या कुणा सुभेदारानं सांगितलं होतं. सुभेदार सांगून मोकळा झाला आणि आमचे आतोबा जन्माचे कामाला लागले.

त्यांची तपासणीची रीत ठरलेली होती. नाणं वरून-खालून दोन बोटांत धरायचं, सिंह सरळ उभे आहेत ना पाहायचं, मग पुस्तकाचं पान उलटावं तसं ते फिरवायचं. पाठीमागचा आकडाही सरळ उभा राहिला, तर नाणं पास. मग डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून कड बघायची. हे सगळं ते जिथं सुटे पैसे हातात पडतील तिथं करत. एकदा कोरेगावच्या स्टँडवर एस.टी.च्या दारातच त्यांनी ही परेड सुरू केली. मागं उतरणारी माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, "आवं, उतरा की आता." आतोबा मान वर न करता म्हणाले, "थांब रं गड्या, इन्स्पेक्शन चालू हाय." आणि गंमत म्हणजे कंडक्टर थांबला. त्या आवाजापुढं भलेभले थांबत.

म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेले, तेव्हा तर त्यांनी दर्शन कळसाचंच घेतलं. दिवसभर नारळवाल्यांच्या शेजारी बसून त्यांच्या गल्ल्यातल्या नाण्यांवरचा गुलाल फुंकर मारून उडवत होते. घरी आले ते भुवयांसकट लाल होऊन. आत्यानं विचारलं, "दर्शन झालं का?" तर म्हणाले, "गर्दी लय हुती. पर एक पाच पैसा जरा संशयी वाटला." आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि पाणी तापवायला ठेवलं.

हळूहळू लोकच त्यांच्याकडे नाणी घेऊन येऊ लागले. कुणी रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं आणायचं, कुणाचं चुलीत पडून वाकलेलं असायचं. आतोबांचा निकाल एका वाक्यात लागे. "हे टाकसाळीत न्हाई चुकलं, हे तुझ्या घरात चुकलंय." एकदा सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यातला एक टर्नर गावच्या जत्रेला पाहुणा म्हणून आला होता. आतोबांची फजिती करावी म्हणून त्यानं लेथवर दोन नाणी अर्धी अर्धी कापून अशी बेमालूम जोडून आणली, की दोन्ही बाजूंना सिंहच. आतोबांनी भिंग लावलं, कडेवरून नख फिरवलं आणि शांतपणे म्हणाले, "नाणं खोटं हाय, पर हात खरा हाय. लगीन झालंय का तुझं?" पोरगा लाजला. पुढच्या मार्गशीर्षात तो आतोबांचा जावई झाला. थोरल्या लेकीचं, शालनचं स्थळ असं एका बनावट नाण्यावर जमलं.

लग्नाच्या थोडं आधी आतोबांना त्यांचं नाणं सापडलं. साताऱ्याच्या मंडईत कोथिंबीर घेताना सुट्या पैशांत आलं. कमळाचं, पितळेचं, काळपट पिवळं वीस पैशाचं नाणं. पण ठसा असा सरकलेला, की कमळ निम्मंच उमटलेलं आणि उरलेल्या बाजूला कोऱ्या धातूची चंद्रकोर. अस्सल टाकसाळीतली चूक. इतक्या वर्षांच्या तपश्चर्येत पहिली आणि एकच. आतोबा धावत माझ्या खोलीवर आले. मी तेव्हा साताऱ्यात नुकताच नोकरीला लागलो होतो. त्यांच्या पायात एकच वहाण होती आणि कोथिंबीर मंडईतच राहिली होती. मूठ उघडून त्यांनी नाणं दाखवलं. "कुणाला बोलू नगंस," ते म्हणाले. "तुझ्या आत्याला तर मुळीच न्हाई. साऱ्या गावाला दाखवत फिरंल." ठेवणार कुठं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "देव्हाऱ्यात. चोर ट्रंक फोडतो, देवाला हात लावत न्हाई."

चोरानं खरंच हात लावला नाही. लग्न पार पडलं, वऱ्हाड सांगलीला परत निघालं, आतोबा बाहेर गाडीत ट्रंका चढवत होते, आणि आत आत्या विहीणबाईंची ओटी भरत होती. खण, नारळ, तांदूळ घातले आणि वर ठेवायला नाणं हाताशी नव्हतं. तिनं देव्हाऱ्यात बघितलं. पिवळं नाणं, त्यावर कमळ. याहून शुभ ते काय असणार? संध्याकाळी आतोबांनी देव्हारा धुंडाळला, तेव्हा ती सहज म्हणाली, "इहीनबाईंच्या वटीत घातलं की. लक्ष्मीच ती."

"अर्धी हुती गं," आतोबा म्हणाले आणि ओसरीवर मटकन बसले. ओटीतलं परत मागता येत नाही. शत्रूच्या गोटातून तोफ आणता येते, पण विहिणीच्या ओटीतून वीस पैसे आणता येत नाहीत, हे त्या हवालदाराला पुरतं ठाऊक होतं. तरी चार दिवसांनी मी शालनला माहेरी आणायला मुराळी म्हणून निघालो, तेव्हा नवरीचा बाप असूनही आतोबा माझ्याबरोबर निघाले. खिशात कमळाचं दुसरं, धड नाणं. संधी मिळाली तर बदलून घ्यायचं, असा बेत होता.

संधी दारातच उभी होती. विहीणबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला आणि मग ते अर्धं कमळ आतोबांसमोर पाटावर ठेवलं. "पाव्हणं, राग मानू नगा, पर बोलते. वटीत घालायला तुमास्नी धड नाणं गावलं न्हाई व्हय? आळीतल्या बाया म्हनत्यात, सुनंच्या म्हायेरनं लक्ष्मी आली, ती बी निम्मी. घ्या तुमचं तुमाला."

माझ्या मनात तर उकळ्या फुटल्या. "चुकून आलं" एवढंच म्हणायचं, धड नाणं काढून द्यायचं आणि घरी जायचं. आतोबांचा हात पाटाकडे निघालाही होता. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. स्वयंपाकघराच्या दारात शालन उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली घालून. चार दिवसांत तिनं काय काय ऐकलं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. आतोबांनी हात मागं घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

"इहीनबाई, ते चुकून न्हाई आलं. मुद्दाम घातलंय," ते म्हणाले. "असं नाणं दोन जिल्ह्यांत दुसरं घावायचं न्हाई. टाकसाळीत चुकलेलं हाय ते. माझ्या साऱ्या जल्मात मला एकच गावलं. लेकीच्या सासूला याच्यापरीस मोठं मी काय देणार?"

आतोबांनी आपलं भिंग विहीणबाईंच्या हातात दिलं, नाणं कसं धरायचं ते दाखवलं, ठसा कसा सरकतो ते समजावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "मला तर निस्तं पिवळंच दिसतंय बाई," त्या म्हणाल्या, पण आवाज निवळला होता. मग त्यांनी आळीतल्या त्याच बायकांना हाका मारल्या, आणि प्रत्येकीच्या डोळ्याला भिंग लावून, "साताऱ्याच्या पाव्हण्यांनी खास माझ्यासाठनं," असं सांगायला सुरुवात केली. शालननं मान वर केली आणि ती बापाकडे बघून हसली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पण आतोबांची परीक्षा संपली नव्हती. देव्हाऱ्यात ठेवायचं म्हणून विहीणबाईंनी चिंच आणि राख मागवली आणि नाणं खसाखसा घासायला घेतलं. नाणं कधी घासू नये, त्याच्या अंगावरचा काळपटपणा हीच त्याची खरेपणाची साक्ष, हे आतोबांचं ब्रीद. ते पाटावरून अर्धे उठले. मी त्यांचं धोतर धरून ठेवलं. ते पुन्हा बसले आणि डोळे मिटून गूळ खात राहिले.

पुढं आतोबा दर दसऱ्याला सांगलीला जाऊ लागले. लेकीला बघायला, असं सांगून. दरवर्षी कमळ थोडं थोडं पुसट होत होतं आणि दरवर्षी शालनचा आवाज त्या घरात थोडा थोडा मोठा होत होता. आतोबांचा नाण्यांचा नादही ओसरत चालला. सुटे पैसे न बघता खिशात टाकताना मी त्यांना पाहिलं आणि उगीच वाईट वाटलं. आता आतोबा नाहीत. त्यांच्याबरोबर मी शेवटचा सांगलीला गेलो, तेव्हा शालनच मागच्या पायरीवर देव घासत बसली होती. चिंचेच्या हातानं तिनं ते नाणं बापापुढं धरलं. दोन्ही बाजू गुळगुळीत झाल्या होत्या.

"आबा, कमळ पार गेलं की वं."

आतोबांनी नाणं भिंगाशिवायच बघितलं, उलटून बघितलं आणि तिच्या तळहातावर परत ठेवलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "कडंला जरा काळं ऱ्हायलंय बघ, तेवढं घास."