ऑप्शनला न टाकलेला विषय

ताई राहायला कधी येणार, असं तुम्ही दोघं नातवंडं दर रविवारी फोनवर विचारता आणि मी इथल्या उन्हाबद्दल बोलू लागते. म्हणून लिहिते. ताई यंदा येणार नाही. तुमच्या गावच्या डेंटल कॉलेजने तिला प्रवेश दिला नाही. तुमच्या आईने तिच्यासाठी रिकामी केलेली खोली खेळण्यांना वापरा.

गेल्या वर्षी ताई इथे, दुबईहून दीड तासावरच्या अल ऐनला, विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. तुमच्याकडे डेंटलला पदवीनंतरच घेतात; त्यासाठी लागणारे सक्तीचे विषय झाले होते. कॉलेजच्या वेबसाइटवर त्यांच्याखाली आणखी दोन होते, बायोकेमिस्ट्री आणि अ‍ॅनाटॉमी. सक्तीचे नव्हेत, ‘रेकमेंडेड’. तिच्या वेळापत्रकात एकाचीच जागा होती.

आमच्या घरातली महत्त्वाची बोलणी गाडीतच होतात. बर दुबईला देवळात जाऊन आम्ही परत येत होतो. तुमचा मामा गाडी चालवत होता, ताई त्याच्या शेजारी होती.

“सक्ती नाही ना? मग टाक ऑप्शनला,” तो म्हणाला. शाळेत अवघड धडे तो असेच सोडून द्यायचा आणि तरी वर्गात वरचा नंबर काढायचा.

“बाबा, दे रेकमेंड इट फॉर अ रीझन.”

“रीझन त्यांचं, मार्क तुझे. अ‍ॅव्हरेज घसरलं की खलास.”

“आजी, तू सांग ना.”

“कॉलेजलाच विचार,” मी म्हटलं. घरात तर्क लढवण्यापेक्षा चौकशी केलेली बरी.

तिने फोन केला. तिकडच्या बाईंनी नीट सांगितलं. सक्तीचा विषय नसेल तर अर्ज बाजूला पडतो. रेकमेंडेड नसला तर पडत नाही, पण दोन मुलं तोडीस तोड असली तर तो असल्याचा उपयोग होऊ शकतो, आणि पहिल्या वर्षाचा अभ्यास सोपा जातो. मात्र ग्रेड बिघडणार असेल तर घेऊ नका.

“बघ!” बापलेक एकदमच म्हणाले.

तिने बायोकेमिस्ट्री घेतली. ‘बी’ ग्रेड मिळाली. अ‍ॅव्हरेज थोडं खाली आलं. पुढे इंटरव्ह्यूला बोलावणं आलं, त्यात त्याच विषयावरचा प्रश्न निघाला आणि उत्तर चांगलं गेलं, असं ती म्हणाली.

नकाराची ईमेल तिने स्वयंपाकघरात उभ्याने वाचून दाखवली, विजेचं बिल वाचावं तशी. मी कोथिंबीर निवडत होते, निवडत राहिले. मामा आत आला, ऐकलं आणि म्हणाला, “जेवून घ्या.” आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून विचारलं, ‘बी’मुळे प्रवेश गेला का? एकेकाची कारणं आम्ही सांगत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्या विषयामुळे इंटरव्ह्यू मिळाला की सीट गेली, हे आम्हाला माहीत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. एसीचा आवाज ऐकत बसले.

परवा पुन्हा गाडीत होतो.

“बाबा, परत अप्लाय करतेय. मधल्या वेळात अ‍ॅनाटॉमी घेऊ?”

सिग्नल सुटला, त्याने गाडी पुढे काढली.

“घे.”

“अँड द अ‍ॅव्हरेज?”

“बघू.”

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

तर खोलीत खेळणी ठेवा. पलंग मात्र हलवू नका, असं आईला सांगा.