एअर गन आणि माझी वेणी

“अहो, पोरगी आहे ती, मशीनचा पार्ट नव्हे,” आई तळवड्याच्या वर्कशॉपच्या दारातून ओरडत होती, आणि आत पप्पा माझ्या केसांत एअर गननं हवा मारत होते.

आज पंक्चरवाल्याकडे तसाच फुस्स आवाज झाला, ग्रीसचा वास आला आणि मी थेट तिसरीत जाऊन पोचले. बाईंनी ताकीद दिली होती, उवा गेल्याशिवाय गॅदरिंगच्या नाचात घेणार नाही. माझ्या डोक्यात तेव्हा अख्खं चिंचवड वस्तीला होतं. उवा तिन्ही शिफ्टला हजर असायच्या. औषध झालं, फणी झाली, कडुलिंबानं तर त्यांनी बाळसं धरलं. तेव्हा पप्पा म्हणाले, “हवेनं लोखंडाचा कीस उडतो, ह्या उवा काय चीज आहेत?”

हवा अशी सुटली, की माझी वेणी पुनावळ्यापर्यंत जाऊन आली. उवा मात्र जागच्या हलल्या नाहीत, फक्त केसांचा गुंता झाला. पप्पा काळ्या बोटांनी तो सोडवत राहिले, सोडवतच राहिले. बंद पडलेलं कुठलंही मशीन चालू करणारा माणूस तो. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज ती गुंता सोडवणारी बोटं आठवतात. शेवटी आईनं कात्री आणली.

दुसऱ्या दिवशी माझं भादरलेलं डोकं पुढे करून पप्पा बाईंसमोर उभे राहिले. “बघा बाई, एक ऊ नाही. आता घ्याल ना हिला नाचात?”

बाई म्हणाल्या, “या नाचात सगळ्या मुलींना अंबाडा आहे.”